शेजारणीसाठी राखलेला पेला

१९ सप्टेंबर, गुरुवार

मोरिहिदे मामांना,

आधी 'सप्रेम नमस्कार' असं लिहिलं होतं. त्यातला 'सप्रेम' खोडला. खाडाखोड दिसते आहे, पण कागद बदलला नाही. नमस्कार ठेवला आहे, तो तुमच्या वयाला.

वादळ वर उत्तरेकडे सरकलं. केळीची पानं फाटली, बाकी कुणाचं काही गेलं नाही. मामींचा गुडघा कसा आहे? आई बरी आहे. मी तुम्हाला लिहिते आहे हे तिला माहीत नाही, तेव्हा कृपा करून तिच्यावर ओरडू नका. फोन करता आला असता. पण फोनवर तुम्ही बोलता आणि समोरचा 'हो, हो' म्हणतो, असं आपल्या घरात चाळीस वर्षं चाललं आहे. पत्र मध्येच तोडता येत नाही.

आजी ठीक आहे. आज सकाळी तिने टोफू घालून परतलेलं कारलं खाल्लं आणि वर उकडलेलं रताळं मागितलं. हे वाचून तुम्ही थबकाल. गेल्या रविवारी तुम्ही तिच्या खोलीत आलात तेव्हा ती चमच्याला तोंड उघडत नव्हती आणि भिंतीकडे तोंड करून पडली होती, हे तुम्ही पाहिलं आहे. रताळ्याकडे मी येतेच. आधी पत्रिकेबद्दल लिहायचं आहे.

हॉटेलातल्या समारंभाची पत्रिका मिळाली. कागद जाड आहे. आजीची काजिमाया, सत्त्याण्णवावं वर्ष, माणूस पुन्हा मूल होतो म्हणून त्याच्या हातात भिरभिरं देतात, असं सगळं तुम्ही त्यात छापलं आहे, जणू आपल्या बेटावर हे कुणाला ठाऊकच नाही. कुणासाठी छापलं? टोकियोहून येणाऱ्या तुमच्या व्यापाऱ्यांसाठी? आणि फोटो तोच, जो तुमच्या कारखान्याच्या शिकुवासा लिंबांच्या रसाच्या बाटलीवर आहे. त्यात आजीला पुढचे सगळे दात आहेत. तिला ती बाटली दाखवली तेव्हा ती म्हणाली होती, "ही कोण भवानी? हिला कशाचं एवढं हसू येतंय?"

काजिमाया चांद्र नवव्या महिन्याच्या सप्तमीला असते. ती येते ९ ऑक्टोबरला, बुधवारी. तुम्ही त्यानंतरचा रविवार धरलात, कारण बुधवारी पाहुण्यांना सवड नसते. मिरवणूक नाही, कारण ऊन बाधेल. गाव नाही, कारण गाव लांब आहे. पाहुण्यांच्या यादीत शेजारच्या माकातो आजीचं नाव नाही. मी मामींना विचारलं, तर म्हणाल्या, "तुझे मामा म्हणतात, तिला बघून आईंचा रक्तदाब चढतो."

चढतो, मामा. तो चढत होता म्हणून ती उठत होती.

विद्यापीठात आम्हाला म्हाताऱ्या माणसांना प्रश्न विचारत गावोगाव पाठवतात. दुखलंखुपलं तर कुणाला हाक मारता, मैत्रिणींना कितीदा भेटता, सकाळी उठावंसं का वाटतं, असे. माणूस नुसतं औषधाने जगत नाही, कुणीतरी आपली वाट बघतंय या जाणिवेने जगतं, असं आमच्या बाई सांगतात. पहिल्या वर्षी सरावासाठी मी आजीलाच हे प्रश्न विचारले होते.

"आजी, सकाळी कशासाठी उठतेस?"

"ती उठायच्या आत उठायला."

"कोण?"

"कोण म्हणजे? भिंतीपलीकडची डुक्करचोर."

मी कागदावर लिहिलं, 'शेजाऱ्यांशी नियमित संबंध.' बाईंनी मला चांगले गुण दिले. घरात पहिली शिकलेली मी, आणि शिकून मी हे केलं.

तुम्हाला डुकराची गोष्ट माहीत आहे, कारण ती तुमच्या जन्माची आहे. पण तुम्ही ती कधी पुरती ऐकून घेतली नाहीत. युद्धानंतर दोन घरांत मिळून एक डुक्कर पाळलं होतं, नव्या वर्षाला कापायचं ठरलं होतं. आजीला तुमच्या वेळी आधीच कळा सुरू झाल्या. माकातोच्या नवऱ्याने त्याच दिवशी डुक्कर कापलं. बाळंतिणीला काळजाचा रस्सा द्यायचा असतो. आजीकडे आले कान आणि शेपूट. तिला दूध उतरलं नाही, तुम्ही रात्रंदिवस किंचाळत होतात, असं आजी म्हणते. माकातो आजी म्हणते, "काळीज आम्ही पाठवलं होतं. पानात बांधून. हिच्या सासूने गिळलं असेल, तर त्याला मी काय करू?" खरं काय ते सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. मी दोघींकडून इतक्या वेळा ऐकलंय की मला दोन्ही खरं वाटतं.

तेव्हापासून त्या एकमेकींशी थेट बोललेल्या नाहीत. पण दर महिन्याला चहाच्या बैठकीत समोरासमोर बसल्या. मधे गावातली हात्सु मावशी. तिचं सगळं आयुष्य या दोघींचे निरोप दीड हातावर पोचवण्यात गेलं.

"हात्सु, सांग तिला, तिच्या लोणच्याला वास येतो."

"हात्सु, सांग तिला, वास येतोय तो तिच्या नाकातूनच."

आणि रोज उजाडताना दोघी आपापली लाकडी दारं धाडकन सरकवायच्या. आधी कोण, ही चुरस. एकदा माकातो आजीचं दार ऊन वर आलं तरी उघडलं नाही. आजीने मला हलवून उठवलं. "जा, बघून ये मेली का." मी धावत गेले. ती न्हाणीत पडली होती. पाय मुरगळला होता. मला पाहून पहिलं वाक्य काय म्हणाली? "तिनं पाठवलं ना तुला? सांग तिला, जिवंत आहे." दोन वर्षांनी आजीला ताप आला तेव्हा माकातो आजीने हात्सु मावशीला असंच पिटाळलं. आमच्या प्रश्नावलीत याला जागा नाही. एका म्हातारीवरून, दोन म्हाताऱ्यांवरूनसुद्धा, निष्कर्ष काढू नये हे मला शिकवलंय. मी काढत नाही. फक्त तुम्हाला सांगते आहे.

आजी काजिमायाची वाट का बघत होती, हे तुम्ही तिला कधी विचारलंत? हाताला भिरभिरं मिळावं म्हणून नव्हे. त्या दिवशी गाडी दारोदार थांबते, आणि जो तो तिच्या हातून आवामोरी दारूचा घोट घेतो, तिच्या आयुष्यातलं थोडं आपल्याला लाभावं म्हणून. गावात हा पेला आजवर कुणी नाकारलेला नाही. माकातो आजी दोन वर्षांनी लहान. तिला आपल्या दाराशी उभं राहून, दोन्ही हात पुढे करून, आजीकडून आयुष्य मागून घ्यावं लागणार होतं. त्यासाठी आजीने एक पेला वेगळा काढून ठेवला होता. निळा, काठाला टवका उडालेला. "चांगला कशाला द्यायचा तिला?" म्हणायची, आणि दर वर्षी पुसून परत ठेवायची.

जानेवारीत ती अंगणात घसरली. भिंतीवरून आपल्याकडे पडलेली शिकुवासाची फळं पलीकडे परत फेकत होती. मनगट मोडलं. तुम्ही गाडी घेऊन आलात आणि तिला नाहा शहरातल्या वृद्धाश्रमात नेलंत. मी तेव्हा गप्प बसले नव्हते, आठवतं? तुम्ही म्हणालात, "चार पुस्तकं वाचून तू मला आई सांभाळायला शिकवणार?" 

तिथे सगळं स्वच्छ आहे. मीठ कमी, डुकराचं मांस नाही, दिवसातून तीनदा रक्तदाब. मुली तिला लाडाने लहान मुलीसारखी हाक मारतात आणि तिने काहीही म्हटलं तरी "होय हं, अगदी बरोबर" म्हणतात. मार्चमध्ये ती मला म्हणाली, "इथे भांडायच्या लायकीचं कुणी नाही." मी हसले होते. तरीही ती खात होती, कारण सप्तमी यायची होती.

मग ऑगस्टमध्ये, पितरांच्या सणाआधी, तुम्ही मिठाईचा मोठा डबा घेऊन गावी गेलात. माकातो आजीच्या पडवीत गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून म्हणालात, "आईच्या वतीने मी माफी मागतो. झालं गेलं विसरा." आणि येऊन आजीला अभिमानाने सांगितलंत. "आई, मिटवून टाकलं. आता तू निवांत राहा."

त्या दिवसापासून तिने खाणं सोडलं.

डॉक्टरांनी नाना तपासण्या केल्या. तुम्ही मला म्हणालात, "वय झालंय, आता असंच असतं." मी तिच्या कानाशी वाकून विचारलं होतं, तिला काय हवंय. ती पुटपुटली, "सत्तर वर्षं मी माफी मागितली नाही. त्याने एका दुपारी मागून टाकली. आता मी कशाला तोंड दाखवू?"

तुम्हाला वाटलं तुम्ही तिच्या उरावरचं ओझं उतरवलंत. तुम्ही तिच्या पाठीचा कणा काढून दिलात, मामा, आणि वर त्याला मिठाई लावलीत.

आता रताळं. ते तिने नाहात खाल्लेलं नाही. मंगळवारी मी दोन दिवसांच्या रजेवर तिला बाहेर काढलं, माझ्या सहीवर, आणि गावी आणलं. आज दोन दिवस पुरे होतात. मी तिला परत नेणार नाही. हे मला पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. धीर झाला नाही. गाडी चालवताना मी दोनदा बाजूला थांबले. तिच्या नाकाशी बोट धरून बघत होते. दुसऱ्यांदा ती डोळे मिटूनच म्हणाली, "अजून नाही. चालव."

घर बंद होतं, दारं दमट होऊन फुगली होती. मी तिला पडवीत टेकून बसवलं. काल उजाडताच तिने मला दार उघडायला लावलं. "जोरात. आणखी जोरात." पलीकडे काहीच हालचाल नाही. हात्सु मावशी धावत आली, रडायलाच लागली. तिने सांगितलं की माफीनंतर माकातो आजीही धड उठलेली नाही. ऊन डोक्यावर येईतो दारं बंद. बैठकीला येत नाही. "जिंकले, आता काय," म्हणते.

मग भिंतीपलीकडून खरखरीत आवाज आला. "हात्सु, सांग तिला, मेलेली माणसं एवढा धडधडाट करत नाहीत."

आजीचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

थोड्या वेळाने भिंतीवरून तुमचा मिठाईचा डबा येऊन अंगणात आदळला. फीतसुद्धा सोडलेली नव्हती. "आणि सांग, पोराची माफी मला नको. तिला स्वतःचं तोंड आहे ना?" आजी डब्याकडे बघत राहिली. "हिने उघडलासुद्धा नाही," असं दोनदा म्हणाली. मग म्हणाली, "पोरी, भूक लागली."

काजिमाया त्या बुधवारीच, इथे, गावात होईल. तुम्ही रागावून येणार असाल तर या. पोलीस आणणार असाल तर त्यांनाही पेला मिळेल. हॉटेलला मात्र कळवा की म्हातारी येत नाही.

तुमची भाची,
चिनात्सु

*

११ ऑक्टोबर, शुक्रवार

मामांना नमस्कार.

तुमचं बोलणं आईकडून कळलं. "म्हातारी मेली तर तुझी शिकलेली मुलगी जबाबदार" असं तुम्ही तिला फोनवर म्हणालात. आईने या वेळी 'हो, हो' म्हटलं नाही. म्हणाली, "मग काय, जबाबदारी घ्यायलाच शिकवलंय तिला." आणि फोन ठेवून दिला. मीही जबाबदारी घेते. हे घमेंडीने लिहीत नाही. गावातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, रक्तदाब जास्त आहे, हृदय थकलेलं आहे, उद्याही काही होऊ शकतं. मला झोप लागत नाही. मी तिचा श्वास ऐकत पडते. ती जाईल तेव्हा तुम्ही माझ्याकडे बोट दाखवाल, आणि मला फक्त एवढंच म्हणता येईल की ती गेली तेव्हा जेवून गेली.

परवा देवराईच्या वळणावर तुमची गाडी उभी होती. काच वर होती. मिरवणूक तिथून गेली तेव्हा आजीने तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही पाहिलं नाहीत. माकातो आजीचं दार यायच्या आधीच तुम्ही गाडी वळवलीत. म्हणून तुम्ही काय पाहिलं नाही ते लिहिते.

छोट्या मालट्रकला भिरभिरी लावली होती. वारा होता, सगळी एकदम गरगरत होती. आजी लाल कपड्यांत, मांडीवर भिरभिरं, आणि दुसऱ्या हातात तो निळा टवका उडालेला पेला घट्ट धरलेला. बाकीच्यांना दुसऱ्या पेल्यांतून दिलं. लोक तिचे हात हातात घेत होते, तोंडावरून फिरवत होते. ती कुणाकडे बघत नव्हती. मला म्हणाली, "लवकर उरका हे."

माकातो आजी आपल्या फाटकात खुर्ची टाकून बसली होती. केस विंचरलेले, कमरेला चांगली ओबी बांधलेली. ट्रक थांबला. आजी म्हणाली, "खाली उतरवा मला." चौघांनी धरून उतरवलं. ती चार पावलं स्वतः चालली. फक्त भिरभिऱ्यांचा आवाज.

आजीने पेला पुढे केला. भरलेला, थोडा सांडत होता. माकातो आजी उठली. दोन्ही हात पुढे केले आणि पेला घेतला. मला वाटलं, झालं. मला वाटलं ही आता पिईल आणि आजी ट्रकमध्ये जाऊन डोळे मिटेल, कारण ज्यासाठी थांबली होती ते संपलं. तो विचार मला तोपर्यंत सुचलाच नव्हता. एवढे प्रश्न विचारत फिरले, आणि हा सुचला नाही. मी ओरडणार होते, पिऊ नका म्हणून.

माकातो आजीने पेल्याचा काठ बोटाने चाचपला. "हात्सु, सांग तिला, टवका उडालाय."

हात्सु मावशीने सांगितलं. आजी म्हणाली, "सांग तिला, शोभतोय."

"सांग तिला, मी आज पिणार नाही." लोक कुजबुजले. माकातो आजीने पेला दोन घरांमधल्या भिंतीवर ठेवला, अगदी मधोमध, आणि वर शिकुवासाचं एक पान झाकलं. "दोन वर्षांनी माझी काजिमाया. तेव्हा ती माझ्या दारात येऊन माझ्या हातून पिईल, मग मी हिचा पिईन. आधी नाही. आणि ती तोवर मेली, तर सांग तिला, पळाली म्हणून गावभर सांगेन."

आजी लाल झाली. खरंच लाल, मामा, तुमच्या डॉक्टरांनी लगेच गोळी दिली असती. "हात्सु, सांग त्या डुक्करचोरीला, तिच्या हातून मी विषसुद्धा घेणार नाही. आणि ते तिच्या तोंडावर सांगायला मी येणार. चालत येणार."

"सांग तिला, बघू."

"सांग तिला, बघच."

रात्रीच्या जेवणात आजीने डुकराचे कान तीनदा मागून घेतले. काल सकाळी तिने माझ्या आधी उठून दार स्वतः ढकललं, अर्धं उघडलं. पेला भिंतीवरच आहे. पावसाचं पाणी पडू नये म्हणून कुणीतरी त्यावर उपडी वाटी ठेवली आहे. आजी म्हणते मी नाही. पलीकडूनही तेच उत्तर येतं.

तुम्ही आईला विचारलंत, सोहळा झाला ना, मग आता तिला कधी आणून सोडता. आणत नाही. दोन वर्षं तर नाहीच.

माझा राग गेलेला नाही. तुम्ही वाईट हेतूने केलं नाहीत, असं आई सारखी सांगते. मला ते पटतं आणि त्यानेच जास्त राग येतो. तिला काय हवं ते तुम्ही सगळ्यांना विचारलंत, तिला सोडून. बाटलीवरचा फोटो काढा. निदान ते दात काढा.

पत्र बंद करण्याआधी मी आजीला विचारलं, मामांना तुझ्याकडून काय लिहू? ती पडवीत शेंगा सोलत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "चिनात्सु, सांग त्याला, जो माझ्या वतीने माफी मागतो त्याच्याशी मी बोलत नाही."

मी म्हटलं, "कधीपर्यंत?"

"ते त्याने इथे येऊन विचारावं. कुंपणाच्या बाहेरून. आत पाऊल टाकायचं नाही." आणखी एक मूठ शेंगा सोलून झाल्या. "आणि सांग त्याला, रविवारी मी दार लवकर उघडते. त्याआधी आला नाही, तर मी समजेन की घाबरला."

निरोप पोचवला. आजीने असा निरोप आजवर फक्त एकाच माणसाला धाडला आहे, आणि ते माणूस पंच्याण्णव वर्षांचं होऊन भिंतीपलीकडे बसलं आहे. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी कुंपणाशी उभी असेन, मधे, सांगायला.

खोडलेला शब्द अजून खोडलेलाच आहे.

चिनात्सु